उंचीच्या वह्या

“मैडम, मोड़ा बढ़ नहीं रहा.”

चंबळेकडच्या बोलीत मोड़ा म्हणजे मुलगा. भिंड, मुरैना, श्योपूर, दतिया अशा चारी बाजूंनी ग्वाल्हेरला येणाऱ्या आईबापांच्या तोंडून हे वाक्य मी तीस वर्षं ऐकते आहे. वाक्य ठरलेलं आणि त्यापुढची हालचालही ठरलेली. बाप पोराचा दंड धरून त्याला पुढे करतो, आपल्या छातीशी हात आडवा लावतो आणि सांगतो की याच्याबरोबरचा शेजारचा पोरगा एवढा झाला. मी मुलाला चपला काढायला सांगते आणि भिंतीशी उभं करते. टाचा, पार्श्वभाग, पाठ आणि डोकं भिंतीला टेकलेलं, नजर सरळ समोर. फळी डोक्यावर हलकेच टेकवायची आणि आकडा वाचायचा. असं तीनदा मोजायचं, तिन्ही आकडे लिहायचे. वेळही लिहायची, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि सकाळपेक्षा संध्याकाळी माणूस जवळजवळ एक सेंटीमीटर कमी भरतो. एक मोजणी सकाळी आणि पुढची संध्याकाळी झाली, तर सहा महिन्यांतली तिसरा हिस्सा वाढ तिथेच हरवते.

अशा अकरा वह्या माझ्या कपाटात आहेत. ग्वाल्हेरात राहून तुम्ही संशोधन कसलं केलंत, असं कुणी विचारलं की मी त्या काढून दाखवते.

मी ग्वाल्हेरच्या लश्कर भागातली. शिंद्यांच्या फौजेमागोमाग उत्तरेत आलेल्या घरांपैकी आमचं एक घर. आत मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि दोन्हींमधला फरक लहानपणी कळतही नसे. १९४६ साली सुरू झालेल्या गजराराजा मेडिकल कॉलेजात शिकले, जयारोग्य रुग्णालयाच्या वॉर्डांतून हिंडले, एम.डी. झाले. पण पीयूषिका ग्रंथीच्या, म्हणजे आम्ही ज्याला पिट्युइटरी म्हणतो तिच्या वाटेला मी गेले ते एका चुकीमुळे. ती चूक आधी सांगायला हवी.

एम.डी.नंतर काही महिने मी दुसऱ्या गावी एका छोट्या रुग्णालयात नोकरीला होते. तिथे चौतिशीची एक बाई आली. सतत थंडी वाजायची, चेहरा सुजकट, बोलणं संथ, भुवया विरळ, अंगात त्राण नाही. गावात सगळे ‘कमजोरी’ म्हणून टॉनिक पाजत होते. मी थायरॉईडची तपासणी केली. थायरॉईडचं संप्रेरक खूप कमी निघालं. निदान सापडल्याच्या आनंदात थायरॉक्सिनची गोळी लिहून दिली आणि महिन्याने बोलावलं. नवव्या दिवशी तिला खाटेवर घालून आणलं. शुद्ध नाही, रक्तदाब लागत नाही, रक्तातली साखर तळाला गेलेली. एका वरिष्ठ डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्यायला लावलं म्हणून ती वाचली.

संध्याकाळी त्यांनी मला एकच गोष्ट तिला विचारायला सांगितली. मी विचारलं. सात वर्षांपूर्वी तिचं तिसरं बाळंतपण घरी झालं होतं. रक्त खूप गेलं होतं, ती दोन दिवस निपचित पडून होती. आणि मग, “दूध उतरा ही नहीं.” बाळ जावेने पाजलं. त्यानंतर पाळी कधी आलीच नाही.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत काम करणाऱ्या शीहान या विकृतिशास्त्रज्ञाने १९३७ साली याचा उलगडा केला. पीयूषिका ही हरभऱ्याएवढी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची ग्रंथी मेंदूच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली असते. गरोदरपणी ती फुगते आणि तिला रक्त जास्त लागतं. बाळंतपणात खूप रक्त गेलं की पहिला फटका तिला बसतो. ती मेली की तिच्या हुकुमावर चालणारं सगळं थंडावतं: दूध, पाळी, थायरॉईड, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी. अशा बाईला नुसतं थायरॉक्सिन दिलं तर शरीराचा वेग वाढतो, कॉर्टिसॉलची गरज वाढते आणि ते पुरवायला कुणी नसतं. म्हणून आधी स्टिरॉइड आणि मग थायरॉक्सिन. पुस्तकात ही एक ओळ होती. मी ती वाचलीही होती. पण त्या बाईला दूध आलं होतं का, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाळंत झालेल्या बाईच्या कागदावर मी हा प्रश्न लिहिते. पुढे काश्मीरमधल्या डॉ. झरगर यांच्या गटाचं काम २००५ साली प्रसिद्ध झालं. तिथल्या वीस वर्षांवरच्या बाळंत झालेल्या स्त्रियांत सुमारे तीन टक्क्यांना हा विकार असावा असा त्यांचा अंदाज होता, आणि त्यांतल्या बहुसंख्य घरी बाळंत झालेल्या होत्या. तो निबंध वाचला त्या रात्री मी माझ्या वह्या उलटून पाहिल्या. चंबळेच्या खोऱ्यातल्या किती बायका ‘कमजोरी’ हे निदान घेऊन जगल्या असतील, याचा हिशेब आता कुणालाच लावता यायचा नाही.

त्या चुकीनंतर मी परळला गेले. के.ई.एम. रुग्णालयाच्या अंतःस्रावी विभागात शिकले. शेजारीच मुलांचं वाडिया रुग्णालय, आणि तिथे डॉ. मीना देसाई यांचं बालकांच्या संप्रेरक-विकारांचं काम चालू होतं. खुजी मुलं म्हणजे नशिबाची किंवा खाण्याची गोष्ट असं देशात बहुतेक डॉक्टर समजत होते, त्या काळात तिथे एकेका मुलाची वर्षानुवर्षं नोंद ठेवली जायची. मला परळने दिलं ते हेच. यंत्रं ग्वाल्हेरला नेता येणार नव्हती, नोंद ठेवायची सवय नेता येणार होती.

वाढीच्या संप्रेरकाची गोष्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९५८ साली अमेरिकेत मॉरिस रेबन यांनी मृत माणसांच्या पीयूषिकांतून काढलेलं संप्रेरक एका खुज्या मुलाला दिल्याचं आणि तो वाढल्याचं जाहीर केलं. जनावरांचं संप्रेरक माणसाला चालत नाही, हे तोवर कळून चुकलं होतं. मग कित्येक वर्षं शवविच्छेदनातून ग्रंथी गोळा होत राहिल्या. एका मुलाला वर्षभर पुरेल एवढं औषध मिळवायला कितीतरी ग्रंथी लागायच्या. १९८५ साली कळलं की त्या औषधातून काही तरुणांना मेंदू पोखरणारा क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोग झाला होता. जुनं औषध बंद झालं आणि त्याच वर्षी जीवाणूंकडून बनवून घेतलेलं संप्रेरक अमेरिकेत मंजूर झालं. मी तेव्हा इंटर्न होते. आमच्या प्राध्यापकांनी वर्गात ती बातमी सांगितली ती मला अजून आठवते, कारण ‘आता ते अमर्याद मिळेल’ असं म्हणून ते थांबले आणि म्हणाले, “आणि आता ते ज्याला नको त्यालाही दिलं जाईल.”

ग्वाल्हेरला परतले तेव्हा इथे ते मोजायची सोय नव्हती. हे संप्रेरक दिवसभर जवळजवळ नसतंच. रात्री गाढ झोपेत त्याच्या लाटा येतात. त्यामुळे एरवी घेतलेल्या रक्तात ते कमी निघालं तर त्याला काही अर्थ नाही. मुलाला उपाशीपोटी क्लोनिडिनची गोळी देऊन ग्रंथीला डिवचायचं आणि दर अर्ध्या तासाने, दोन तासांपर्यंत रक्त घ्यायचं. गोळीने रक्तदाब उतरतो, पोर पेंगतं, आई घाबरते. पाच नळ्या, प्रत्येकीवर वेळ लिहिलेली. मग रक्तद्रव वेगळा करून बर्फाच्या थर्मासात भरायचा आणि दिल्लीला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती शताब्दीने पाठवायचा. माझ्या यजमानांनी अशा कित्येक फेऱ्या केल्या आहेत. थर्मास मांडीवर घेऊन, बर्फ वितळला की आग्रा स्टेशनवर नवा घेऊन. गाडी उशिरा धावली म्हणून नळ्या वाया गेल्या की त्या पोराला पुन्हा सुया टोचायच्या, आणि त्याच्या बापाला पुन्हा भाड्याचे पैसे काढून या म्हणायचं. ते सांगणं मला कधीच सोपं गेलं नाही.

पहिल्या वर्षांतला मुरैन्याचा एक नऊ वर्षांचा मुलगा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. उंची साडेपाच वर्षांच्या मुलाएवढी. हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय पाच. तपासणीत संप्रेरक कमी निघालं. शेतकरी बाप जमीन गहाण टाकायला तयार होता, कारण वाढीच्या संप्रेरकाची सुई तेव्हा रोज रात्री, वर्षानुवर्षं घ्यावी लागायची आणि ती फारच महाग होती. लिहून देणार एवढ्यात त्याची आजी म्हणाली, याचं पोट कधी नीट राहिलंच नाही. रक्त आणि आतड्याचा तुकडा तपासल्यावर कळलं की त्याला सीलिअॅक आहे, गव्हाचं वावडं. आतडं गव्हाने सोलवटलेलं असेल तर वाढीचं संप्रेरकही तात्पुरतं मंदावतं आणि तपासणी फसवते. गव्हाच्या या पट्ट्यात खुजेपणाचं ते मोठं कारण आहे.

गहू बंद करा असं सांगणं सोपं. मुरैना-भिंडात बाजरी पिकते, तेही नशीब. पण गावच्या चक्कीत आधी गहू दळलेला असतो आणि त्याचं पीठ बाजरीत उतरतं. आजीने माळ्यावरचं जातं काढलं आणि नातवापुरती बाजरी रोज स्वतः दळू लागली. तरी तीन महिने फरक पडेना. मग सापडलं, डाळीला बांधणीचा हिंग होता आणि हिंगात मैदा असतो. तो बंद झाला आणि वर्षात पोरगा नऊ सेंटीमीटर वाढला. एकही सुई न घेता. ही सुई कुणाला द्यायची हे परळला शिकले होते. कुणाला द्यायची नाही, ते त्या जात्यापाशी शिकले.

ज्यांना खरोखर लागते त्यांची कथा वेगळी. भिंडच्या एका मुलाला जन्मापासून ग्रंथीच अपुरी होती. पायाळू जन्मलेला, पहिल्या दिवसांत साखर उतरलेली, बाहुल्यासारखा गोल चेहरा, हातपाय चिमुकले. औषध दोन ते आठ अंशांत ठेवायला लागतं आणि गावात उन्हाळ्यात वीज दिवसाचे दिवस नसायची. बापाने वाट काढली. गावातल्या दूध संकलन केंद्रात जनरेटर होता. तिथल्या शीतपेटीत औषध ठेवलं आणि पोरगा रोज संध्याकाळी दुधाच्या रांगेत उभा राहून मांडीत सुई घेऊन घरी जाऊ लागला. पहिल्या वर्षी अकरा सेंटीमीटर. रांगेतले लोक त्याला दर महिन्याला मोजत, असं नंतर कळलं.

आणखी एका जातीचे रुग्ण येतात, त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही: फौजेच्या भरतीत दोन बोटं कमी पडलेले अठरा-एकोणिसाचे तरुण. त्यांच्या हाडांच्या टोकांची वाढपट्टी मिटलेली असते, सुई काही करू शकत नाही. मी एक्स-रे दाखवून नाही म्हणते. काही जण रडतात. काही जण बाहेर जाऊन दुसरीकडे ती सुई विकत घेतात, आणि ती त्यांना देणाऱ्यांना मी गुन्हेगार मानते.

हीच ग्रंथी कधी उलटही वागते. माझी आत्या शंकर गांधर्व महाविद्यालयात शिकलेली. कृष्णराव पंडितांनी १९१४ साली सुरू केलेली ही संस्था आमच्या लश्करच्या मराठी घरांना देवळासारखी. आत्याची एक मैत्रीण मुलींना गाणं शिकवायची. एका गणेशोत्सवात कार्यक्रमानंतर आत्याने मला बाजूला घेतलं. “अगं, हिचा स्वर उतरतोय. काळी पाचात गायची, आता काळी तीन धरते. तू जरा बघ तिला.”

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. अंगठी करंगळीत सरकवलेली. विचारलं तर म्हणाल्या, बांगडीवाली चिडवते की दोन-चारच्या बांगड्या घालणारी बाई आता दोन-आठ मागते. मी त्यांना जुने फोटो आणायला सांगितले. लग्नातला, मुलाच्या मुंजीतला, गणेशोत्सवांतले. टेबलावर वर्षांच्या क्रमाने मांडले. नाक रुंदावत गेलेलं, जबडा पुढे आलेला, भुवयांवरचं हाड उचललेलं. सहा वर्षांचा रोग सगळ्यांसमोर फोटोंत पडून होता आणि रोज भेटणाऱ्या कुणालाच दिसला नव्हता. हळूहळू होणारा बदल रोजच्या डोळ्यांना दिसत नाही. पॅरिसच्या पिएर मारी यांनी १८८६ साली या रोगाला अॅक्रोमेगाली हे नाव दिलं. जगभर आजही लक्षणं सुरू झाल्यापासून निदान व्हायला पाचदहा वर्षं जातात.

निरोगी माणसाला पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजलं की वाढीचं संप्रेरक खाली जातं. त्यांचं गेलं नाही. दिल्लीत नाकावाटे शस्त्रक्रिया करून गाठ काढली. बोटांची सूज काही आठवड्यांत उतरली, जबडा तसाच राहिला, वाढलेलं हाड मागे जात नाही. आवाज पांढरी पाचपर्यंत परत आला. त्याच्यावर गेला नाही. त्या अजून शिकवतात.

मोठ्या शोधांची बातमी आमच्यापर्यंत उशिरा यायची, पण यायची. १९९६ साली एका भारतीय मुस्लिम कुटुंबातल्या मुलांत खुजेपणामागचा एक जनुकीय दोष सापडला: वाढीचं संप्रेरक सोडण्याचा निरोप ग्रंथीपर्यंत येतो, पण तो ऐकणारा ग्राहीच तुटका. दोन वर्षांनी सिंधमधल्या एका मोठ्या कुटुंबात नेमका तोच दोष सापडला. तिथल्या बाधित प्रौढ पुरुषांची उंची सरासरी १३० सेंटीमीटरच्या आसपास होती. पुढे २००५ साली मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या मुलांतही हा ग्राहीचा दोष दाखवला. एकच चूक, बहुधा एकाच जुन्या पूर्वजाची, सीमेच्या दोन्ही बाजूंना. ते वाचून मी वहीत दोन रकाने वाढवले: आईचं माहेर कुठलं, बापाचं मूळ गाव कुठलं.

त्या सिंधच्या निबंधात एक गोष्ट मला खटकली होती. अठरा बाधितांपैकी पंधरा पुरुष होते आणि तीनच स्त्रिया. हा दोष मुलगा-मुलगी पाहून येत नाही. मग बाकीच्या कुठे होत्या? मी माझ्या वह्या काढल्या. पानामागून पान मुलांची नावं. मुली मोजक्या, आणि आल्या त्याही पंधरा-सोळाच्या झाल्यावर, उंचीसाठी नव्हे तर पाळी आली नाही आणि लग्न ठरायचंय म्हणून. त्यांच्यातल्या एकीला मी विसरू शकत नाही. सोळा वर्षांची, १३२ सेंटीमीटर. गुणसूत्रांची तपासणी केली तर टर्नर सिंड्रोम. एक एक्स गुणसूत्र कमी. सहा-सात वर्षांची असताना आणली असती तर वाढीच्या संप्रेरकाने उंचीत चांगला फरक पडला असता. आईला विचारलं, हिची उंची कमी आहे हे कळलं नाही का? ती म्हणाली, “मोड़ी है, छोटी सही.” तीस वर्षांत “मोड़ी बढ़ नहीं रही” हे वाक्य मी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या वेळा ऐकलं असेल.

२०११च्या जनगणनेत मुरैना आणि भिंड या दोन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८५०सुद्धा मुली नव्हत्या. ज्या जन्मल्या, त्याही माझ्या वहीपर्यंत पोचत नव्हत्या. त्यानंतर मी दवाखान्यात बसून वाट पाहणं सोडलं. महिन्यातल्या एका शनिवारी कुठल्यातरी शाळेत जाऊन आख्खा वर्ग मोजते, मुलगा असो की मुलगी. मला विचाराल तर माझ्या आयुष्यातलं सर्वांत उपयोगी संशोधन हेच.

आता माझ्या खोलीत पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी केलेले, २०१५ साली भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने स्वीकारलेले वाढीचे तक्ते आहेत. आपल्याच मुलांवरून काढलेले. मुलांचे निळे, मुलींचे गुलाबी. दोन्ही गठ्ठे मी एकाच वेळी छापून आणते. निळा आधी संपतो, गुलाबी उरतो. गेल्या दोन वर्षांत फरक थोडा कमी झाला आहे.

वाचणाऱ्या प्रत्येक आईबापाला, आजी-आजोबांना माझी विनंती आहे. चार वर्षांवरची मुलगी घरात असेल तर तिला वर्षातून दोनदा, सकाळी, अनवाणी भिंतीशी उभी करा. उंची मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. वर्षभरात पाच सेंटीमीटरपेक्षा कमी वाढली तर ते कागद घेऊन डॉक्टरकडे जा. पाळी येईपर्यंत थांबू नका.